बारीक धार

१

अड्याळात नळ सकाळी सहाला येई आणि आठला जाई. तेवढ्या वेळात टिकारामच्या घरचे हंड्यासारखे चार गुंड, दोन बादल्या आणि मागच्या अंगणातली सिमेंटची टाकी भरून होई. पितळेचा मोठा गुंड तोटीखाली ठेवायचा, दातांना मंजन लावायचं आणि मनात आकडे म्हणायचे. शंभरला गुंड काठोकाठ. चौऱ्याऐंशी साली नळ घेतला तेव्हापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, या मोजणीत फरक पडला नव्हता.

टिकारामचं बसस्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ट्यूब पाण्यात बुडवायची आणि बुडबुडा कुठून निघतो ते बघायचं, यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती. त्यामुळे प्रत्येक बिघाडाला एक जागा असते आणि नीट बघितलं की ती सापडतेच, अशी त्याची पक्की समजूत होती. माणसांच्या बाबतीत मात्र तो कधी एवढं नीट बघत नसे. ते पुढे येईलच.

वैशाखातल्या त्या मंगळवारी शंभर आकडे म्हणून झाले आणि गुंड अर्धासुद्धा भरला नव्हता. टिकारामनं चूळ भरली, तोटी आणखी फिरवून बघितली. ती पूर्ण उघडीच होती. गुंड भरायला अडीचशे लागले.

"उन्हाळा आहे," तो स्वतःशीच म्हणाला. ते खरंही होतं. तलावांचे तळ उघडे पडले होते, विहिरींना खरवडून पाणी काढावं लागत होतं. तरी मन मानेना, म्हणून तो रस्ता ओलांडून समोरच्या मारोतरावांच्या दारात गेला. मारोतराव धानाचे व्यापारी, हातात कडुनिंबाची काडी घेऊन ओट्यावर बसले होते.

"तुमच्या नळाले जोर आहे का जी?"

"आहे ना बाप्पा. पाहा ना, बादलीच्या बाहेर उडून राहिलं पानी. काहून?"

"काही नाही. सहजच."

परत येऊन टिकाराम तोटीसमोर उकिडवा बसला. धार नुसती बारीक नव्हती. ती बारीक होई, सुतळीएवढी होई, मग क्षणभर मोकळी सुटे आणि पुन्हा बारीक. पाइपात हवा शिरली की नळ खोकतो, शिंतोडे उडवतो, हे त्याला माहीत होतं. इथे एक शिंतोडा नव्हता. धार मुकाट्यानं कमी होई आणि मुकाट्यानं परत येई. त्यानं मोजलं. चारदा बारीक, एकदा मोकळी. चारदा बारीक, एकदा मोकळी.

घाईघाईनं प्यायचं आणि मधेच श्वास घ्यायला थांबायचं, तसं.

हा विचार आपल्याला का सुचला याचंच टिकारामला नवल वाटलं. त्यानं तोटी बंद केली आणि चहा मागायला आत गेला.

२

आदल्याच दिवशी घरात बाळंतपण झालं होतं. टिकारामची एकुलती एक मुलगी चंद्रकांता पहिलटकरीण म्हणून साकोलीहून माहेरी आली होती. शकुनबाई दाईनं रीतसर सुटका केली. मुलगी झाली. बाळंतीण खोलीत गेली आणि खोलीचं दार लागलं.

हे घर आगगाडीच्या डब्यासारखं अरुंद आणि लांब होतं. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. पुढे ओसरी, मागे अंगण, मधे एक मोठी खोली आणि तिच्या कडेला ही अंधारी. एरवी तिच्यात धानाची पोती आणि मोडक्या सायकली असत. पण कोपऱ्यात मोरी होती, खिडकी नव्हती, वारं लागण्याची भीती नव्हती, म्हणून बाळंतपणासाठी हीच खोली. टिकारामच्या आईनं, सत्यभामाबाईंनी, पोती काढायला लावली, भिंतींना चुना मारून घेतला, बाज टाकली आणि बाजेखाली शेगडी पेटवून ठेवली. बाहेर वैशाख, आत शेगडी. ओवा-शोपेच्या धुराचा वास ओसरीपर्यंत यायचा.

बुधवारी टिकारामनं तोटीचं वायसर बदललं. जुनं वायसर काही वाईट नव्हतं. धार तशीच राहिली. मग त्यानं खुशालला बोलावलं. गावातले निम्मे नळ खुशालच्या हातचे होते आणि टिकारामच्या घरची लाइनही त्यानंच टाकली होती.

खुशालनं गल्लीत खणून मोठ्या पाइपावरचा जोड सोडला. पाणी असं उसळलं की दोघांची धोतरं गुडघ्यापर्यंत भिजली. "येथवर जोर बराबर आहे," खुशाल म्हणाला. सूत गुंडाळून, सफेदा लावून त्यानं जोड बंद केला. मग मागच्या अंगणात, पाइप भिंतीतून जिथे बाहेर येतो तिथला वळणाचा एल्बो सोडला. आत गाळ नाही, गंज नाही, काही नाही. आणि पाणी बारीक. चारदा बारीक, एकदा मोकळं.

खुशालनं भिंतीकडे बघितलं. "पाइप मधात कोठून गेला आहे, आठवते ना भाऊ? या बाळंतिनीच्या खोलीतून. सरळ पडते म्हणून तुम्हीच म्हनले होते. भिंतीले लागून, गुडघाभर उंचीवर. मोरीजवळ मी एक टी, तीन तोंडाचा जोड, सोडलो होतो, प्लग लावून. पुढंमागं तेथं तोटी घ्यावी वाटली तर म्हनून. दोष आतमंदीच आहे. मले पाच मिनिटं जाऊ द्या."

खोलीच्या दाराशी सत्यभामाबाई पाट टाकून बसल्या होत्या. सत्तरीची बाई, पण पाठीचा कणा सरळ.

"बारसं होईस्तोर कोन्याच मानसाचा पाय आत पडनार नाही," त्या म्हणाल्या. "बापाचाबी नाही न फिटरचाबी नाही. पानी बारीक येते तर बारीक येऊ दे. मरून नाही राहिलं कोनी."

खुशालनं टिकारामकडे बघितलं. टिकारामनं पायाशी पडलेला पाना उचलून पुसायला घेतला.

३

त्याच दुपारी खोलीतून चंद्रकांताचा आवाज आला.

"आजी, घोटभर पानी दे ना वो. टाळूले जीभ चिकटून राहिली."

"थांब थोडी. पाचवी होऊ दे. कच्च्या अंगात पानी गेलं का बाळंतीन सुजते न जाते. ओव्याचं देल्लं ना सकाळी?"

"वाटीभरच तं होतं आजी."

"तेवढंच द्या लागते."

ओसरीवर बसलेल्या टिकारामच्या हातातली ट्यूब तशीच राहिली. त्याच्यासमोर पाण्यानं भरलेलं घमेलं होतं. ट्यूब दाबून धरली होती आणि एका जागेवरून बुडबुडे वर येत होते. ती जागा खडूनं खूण करायची सोडून तो बुडबुड्यांकडे बघत बसला.

वीस वर्षांपूर्वीही तो इथेच बसला होता. घमेलंसुद्धा हेच. तेव्हा खोलीत मालन होती, त्याची बायको, आणि तिच्या कुशीत तीन दिवसांची चंद्रकांता. मालनला ताप चढला होता. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून ती दाराआडून म्हणायची, "आयकता का जी? घोटभर पानी द्या ना. मायले सांगू नका." दोन दिवस ती असं म्हणत होती. टिकारामनं एकदा, फक्त एकदा, आईला विचारलं होतं, "माय, देऊ का थोडं?" आणि सत्यभामाबाई म्हणाल्या होत्या, "बाळंतिनीचं तुले काय समजते?" त्यानं पुन्हा ट्यूब पाण्यात बुडवली होती. मालनला आतून त्या सांगत, थांब थोडी, थांब थोडी. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. त्यांच्या सासूनं त्यांना असंच कोरडं ठेवलं होतं आणि त्या जगल्या होत्या. हाच त्यांचा पुरावा.

तिसऱ्या दिवशी मालनचा आवाज थांबला. तेव्हा टिकारामला बरं वाटलं होतं. झोप लागली असेल, असं त्यानं मनाला सांगितलं आणि तो दुकानात गेला. दुपारी बोलावणं आलं. हिरवा चुडा हातात तसाच ठेवून तिला नेलं.

पुढे त्यानं दुसरं लग्न केलं नाही. गावात लोक म्हणत, टिकारामचा बायकोवर भारी जीव. टिकाराम ते ऐकून घेई.

आता त्यानं ट्यूब घमेल्यात टाकली, सायकल काढली आणि सरकारी दवाखान्यात जाऊन नर्सबाईंना विचारलं. नर्सबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "पाणी द्यायचं नाही? अहो, या उन्हाळ्यात? भरपूर द्या. ताप आला तर आणखी द्या, आणि लगेच इकडे घेऊन या."

घरी येऊन त्यानं आईला हे सांगितलं. नजर जमिनीकडे ठेवून सांगितलं.

"ते नर्स किती वेळा बाळंत झाली?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

टिकाराम ओसरीवर जाऊन पुन्हा घमेल्यासमोर बसला. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाकडे एखादं तरी उत्तर असायला हवं होतं.

४

गुरुवारी खुशाल पुन्हा आला, तो हातभर लांबीची लोखंडी सळई घेऊन. गळती शोधायची त्याची ही पद्धत. सळईचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर दाबायचं आणि डोळे मिटायचे. जमिनीखाली कुठे पाणी फुटलं असेल तर सळईतून सळसळ ऐकू येते.

अंगणाच्या बाजूला पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथे त्यानं सळई लावली. बराच वेळ तो तसाच होता. मग त्यानं सळई काढली, धोतराच्या सोग्यानं टोक पुसलं आणि पुन्हा लावली.

"काय आहे?" टिकारामनं विचारलं.

"गळती नाही," खुशाल म्हणाला. "गळती एकसारखी वाजते. हे..." तो हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. "भाऊ, हे कोनीतरी पिऊन राहिल्यावानी वाजते."

टिकारामनं त्याच्या हातातून सळई घेतली.

आधी त्याला स्वतःच्या कानातलं रक्तच ऐकू आलं. मग त्यामागे, दूर पण स्पष्ट, गुटुक. गुटुक. गुटुक. गुटुक. मग लांब श्वास. मग पुन्हा गुटुक. त्या पिण्यात कुठेही समाधान नव्हतं. पोट भरलेल्या माणसाचे घोट हळूहळू लांबतात. हे लांबत नव्हते.

टिकारामच्या पाठीवर काटा आला. आणि दुसऱ्याच क्षणी त्याला सगळं लख्ख समजलं आणि तो हसला.

चंद्रकांता! टीचा प्लग. मोरीशी, बाजेपासून हातभर अंतरावर. खुशालनं तो त्या वेळी हातानंच आवळला असणार. पोरीनं फिरवून सैल केला, तोंड लावलं, आणि आजीला काही कळू न देता पिते आहे. बापाची लेक शेवटी. बिघाडाची जागा सापडली होती आणि तो बिघाड नव्हताच.

"राहू दे खुशाल," तो म्हणाला. "काही करू नको. येऊ दे बारीक."

"प्लग हातानं नाही आवळत मी कधी," खुशाल पुटपुटला, पण टिकाराम ऐकत नव्हता. कित्येक वर्षांत इतकं हलकं त्याला वाटलं नव्हतं. आईशी भांडायला नको, दार ढकलायला नको, आणि पोरीला पाणी मिळतंय.

५

त्या दिवसापासून टिकाराम सहाच्या आधीच अंगणात जाऊन बसू लागला. खुशाल सळई न्यायला विसरला होता. किंवा नको म्हणून टाकून गेला होता.

पाणी आलं की टिकाराम सळई लावायचा. गुटुक, गुटुक. पी बाई, तो मनात म्हणायचा, पोटभर पी. गुंड भरायला आता तीनशे, साडेतीनशे आकडे लागत आणि प्रत्येक आकड्याला त्याला आनंद होई. सत्यभामाबाई दाराशी पाट टाकून बसल्या होत्या, पहारा देत होत्या, आणि त्यांच्या पाठीमागे भिंतीतून चोरी चालली होती. आपण एवढं धाडस केलं याचं त्याला कौतुक वाटलं. त्यानं काहीच केलं नव्हतं, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही.

खोलीतून पाणी मागणंही थांबलं होतं. गुरुवारी दुपारी चंद्रकांता एकदा म्हणाली होती, आवाज बसलेला, "आजी, आता तरी..." त्यानंतर नाही. टिकारामनं ऐकून घेतलं आणि खूश झाला. कशाला मागेल? बाळ तेवढं सारखं रडत होतं.

"पोर काहून रडते इतकी?" त्यानं शकुनबाई दाईला विचारलं.

"दूध नाही उतरून राहिलं," दाई म्हणाली. तिला आणखी काही सांगायचं होतं. पण पाटावरून सत्यभामाबाईंनी बघितलं आणि दाई पदर खोचून निघून गेली.

शुक्रवारी सकाळी टिकारामला एक गंमत सुचली. चंद्रकांता लहान असताना जेवायला बोलवायची तेव्हा दुकानातल्या सायकलच्या दांड्यावर पान्यानं दोनदा ठोकायची. टण टण. तीच त्यांची खूण. त्यानं पाना घेतला आणि पाइपावर हळूच दोनदा ठोकलं.

पिणं थांबलं.

अंगणातल्या तोटीला एकदम जोरात पाणी आलं. गुंडाचा तळ वाजला. टिकाराम सळईला कान लावून वाट बघत होता. कितीतरी वेळ काहीच नाही. मग पलीकडून, पाइपाच्या अगदी जवळून, आवाज आला. पान्याचा नव्हे, वाटीचाही नव्हे. पाइपावर काचेच्या बांगड्या घासल्या की जो बारीक आवाज होतो, तो. किणकिण. किणकिण.

आणि पुन्हा पिणं सुरू झालं.

दोनदा वाजवलं तिनं! टिकारामचे डोळे भरून आले. दिवसभर दुकानात तो गिऱ्हाइकांशी विनाकारण गोड बोलत होता.

६

शनिवारी पाचवी. सकाळी सात वाजता शकुनबाई दाई खोलीतून बाहेर आली आणि अंगणात टिकारामपाशी थांबली. सत्यभामाबाई पूजेचं सामान काढायला मधल्या खोलीत गेल्या होत्या. दाईनं कमरेची पुरचुंडी सोडून त्याच्या हातात एक फडकं दिलं.

"हे ठेवून द्या भाऊ. विसरूनच गेलतो मी. पोरीच्या बांगड्या."

फडक्यात डझनभर लाल बांगड्या होत्या.

"काहून काढल्या?"

"बाळंत झाली त्याच दिवशी काढल्या, सोमवारी. हात सुजले होते ना. साबन लावून काढाव्या लागल्या." ती घुटमळली. "भाऊ, मी कोन सांगनारी? पन पोर चांगली नाही दिसत. कालपासून बोलून नाही राहिली. उठून बसाची ताकद नाही अंगात. मोरीवर न्याले दोघी लागतो आमी."

टिकाराम फडक्याकडे बघत होता. सोमवार. किणकिण ऐकली ती शुक्रवारी. त्याच्या मांडीवर सळई होती. ती त्यानं उचलली, का उचलली ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि पाइपाला लावली.

गुटुक. गुटुक. गुटुक. गुटुक. श्वास. किणकिण.

पाचवा दिवस. पाच दिवस तो समोर बसून होता.

७

दाराशी पोचेपर्यंत सत्यभामाबाई परत आल्या होत्या. "टिकाराम!" त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्यांना हातानं बाजूला सारलं.

आत शेगडीचा उजेड होता तेवढाच. डोळे सरावायला वेळ लागला. बाजेवर चंद्रकांता उताणी पडली होती, बाळ तिच्या काखेत. तिच्या ओठांना खपल्या धरल्या होत्या. उघड्या मनगटांवर बांगड्यांचे वळ होते. टिकारामनं दारातूनच मोरीकडे बघितलं, कारण बघितल्याशिवाय राहवेना.

टीचा प्लग जागेवर होता. खुशालनं लावला तेव्हाचा लाल रंग त्याच्या चारी कडांवर अखंड होता, कुठे फट नाही, चरा नाही. पण त्याच्या भोवती भिंतीचा चुना नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी मारलेला चुना, आणि तिथे ताटलीएवढ्या गोल जागेत तो नाहीसा होऊन आतली ओली माती दिसत होती, गुळगुळीत. वासरं दाव्याजवळची भिंत चाटून चाटून करतात तशी. खाली जमीन ठणठणीत कोरडी होती. एक थेंब सांडलेला नव्हता.

त्या ओल्या गोलासमोर, गुडघे मुडपून बसलेल्या माणसाएवढ्या जागेत, शेगडीचा उजेड पोचत नव्हता. बाकी भिंतीवर पोचत होता. टिकारामनं तिथे जास्त वेळ बघितलं नाही. जेवढं बघितलं त्यात हिरवं काहीतरी हललं.

तो धावत बाहेर गेला, गुंडातून लोटा भरून आणला, लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. पाणी ओठांवरून ओघळलं. एक घोट आत गेला असेल. चंद्रकांतानं डोळे उघडले.

"बाबा," ती म्हणाली. आवाज कसला, नुसता श्वास. "ते बाई उठतच नाही तेथून. मी किती वेळा म्हनलो, मले घोटभर राहू दे. ते म्हनते, थांब थोडी."

आईला तिनं कधी बघितलं नव्हतं. घरात फोटोही नव्हता. टिकारामनं लोटा पुन्हा तिच्या ओठांना लावला.

नर्सबाईंनी भंडाऱ्याला न्यायला सांगितलं आणि मारोतरावांनी आपली मेटाडोर काढली. भंडाऱ्याच्या वाटेवर, गाव दिसेनासं होण्याच्या आत, चंद्रकांता गेली. टिकाराम लोटा धरून बसला होता आणि गाडीच्या हिसक्यांनी त्यातलं पाणी त्याच्या धोतरावर सांडत होतं.

८

तेरावं झाल्यावर साकोलीची माणसं बाळाला घेऊन गेली. त्यांनी टिकारामकडे बघितलंही नाही आणि ते बरोबरच होतं. घरात मायलेक दोघंच राहिली. सत्यभामाबाईंनी त्या दिवसापासून अंथरूण धरलं होतं. त्या रडल्या नव्हत्या. एकदाच म्हणाल्या होत्या, "माह्या सासूनं मले असंच ठेवलं होतं."

खुशाल आपणहून आला. आता खोलीत जायला कुणाची मनाई नव्हती. त्यानं टीच्या प्लगवर पाना लावला आणि अंगाचा जोर लावला. प्लग हलला नाही. भिंतीवरच्या गोलाकडे त्यानं बघितलं, टिकारामकडे बघितलं, आणि सळई लावली.

तो फार वेळ ऐकत राहिला नाही.

"भाऊ, हा पाइपच काढून फेकतो मी," तो म्हणाला. "छपरावरून नवीन लाइन टाकू. एका दिवसाचं काम आहे. तुम्ही आयकू नका."

टिकारामनं हात पुढे केला. खुशालनं नाइलाजानं सळई दिली.

गुटुक, असा जुना, ओळखीचा घोट. मग थांबणं. मग दुसरा घोट, हलका, घाबरत घेतलेला. पुन्हा थांबणं. पुन्हा पहिला. आळीपाळीनं चाललं होतं. एक प्यायची आणि दुसरीला जागा करून द्यायची. टिकारामला रडू फुटलं. त्या रडण्यात थोडंसं समाधान होतं, त्याची त्याला लाज वाटली, आणि तरी ते समाधान जाईना.

"राहू दे," तो म्हणाला. "आहे तसंच राहू दे."

खुशाल गेला. सळई या वेळी त्यानं मागितली नाही.

आठ वाजत आले होते. ओसरीवरून सत्यभामाबाईंचा आवाज आला. कोरडा पडलेला, ओळखू न येणारा.

"टिकाराम, घोटभर पानी दे रे बाबू. टाळूले जीभ चिकटून राहिली."

टिकारामच्या समोर, दाराबाहेर, पाण्याचे गुंड ठेवायची घडोची होती. घडोचीवर चारही गुंड भरलेले होते, सहा वाजल्यापासून तो तेच करत होता. त्यानं सळई पुन्हा पाइपाला टेकवली आणि दुसरं टोक कानामागे दाबून धरलं.

"थांब थोडी, माय," तो म्हणाला. "धार बारीक आहे."